भोवळ आणि वय

शरीर स्थिर असताना आपण किंवा भोवतालच्या वस्तू गरगर फिरत आहेत असा भास होणे म्हणजे भोवळ. अशक्तपणाने डोळ्यांपुढे अंधारी येणे ही तिच्याहून निराळी तक्रार होय. भोवळ हा रोग नसून लक्षण आहे आणि त्यामागील कारणे वयानुसार बदलतात. पित्त, रक्तदाब किंवा मानेचे दुखणे यांवर तिचे सरसकट खापर फोडले जाते, तेव्हा नेमके हेच नजरेआड होते.

आंतरकर्णातील तीन अर्धवर्तुळाकार नलिका व दोन पिशव्या, डोळे आणि स्नायू-सांधे यांच्याकडून येणाऱ्या संदेशांचा मेळ घालून मेंदू तोल सांभाळतो. हा मेळ बिघडला की भोवळ येते.

बालवयात ती बहुधा अर्धशिशीशी निगडित असते. खेळता खेळता मूल एकाएकी घाबरून जवळच्या माणसाला बिलगते आणि बहुधा काही मिनिटांतच पूर्ववत होते. त्रास शब्दांत सांगता न आल्याने तो नुसती भीती समजला जातो. तरुण व मध्यम वयात, विशेषतः स्त्रियांत, अर्धशिशीची भोवळ डोके न दुखताही येऊ शकते. तोलाचे संदेश वाहणाऱ्या मज्जातंतूला सूज आल्यास भोवळ काही दिवस टिकते. तर मेनिएर विकारात, ज्याचा आंतरकर्णाशी असलेला संबंध फ्रेंच वैद्य प्रॉस्पर मेनिएर यांनी १८६१ मध्ये मांडला, भोवळीबरोबर कानात आवाज येतो व ऐकू कमी येते.

पन्नाशीनंतर सर्वाधिक आढळते ती स्थितिजन्य भोवळ. पिशवीतील कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म कण सुटून नलिकेत शिरतात, त्यामुळे कूस बदलताना किंवा मान वर करताना काही सेकंद सारे फिरू लागते. अमेरिकी शल्यविशारद जॉन एपली यांच्या पद्धतीने डोके क्रमाने वळवल्यास हे कण मूळ जागी परततात, आणि अनेकांना औषधाविनाच आराम पडतो. उतारवयात मंद दृष्टी, पायांची कमी झालेली संवेदना व औषधांचे परिणाम यांची भर पडते, आणि पडून हाड मोडण्याचा धोका वाढतो.

म्हणून भोवळ किती वेळ टिकली, कशाने आली आणि सोबत काय जाणवले, हे डॉक्टरांना नेमके सांगावे. परस्पर गोळ्या घेत राहू नये. भोवळीबरोबर बोबडी वळली, एकाचे दोन दिसू लागले, हातपाय लुळे पडले किंवा चालणेच अशक्य झाले, तर तो पक्षाघात असू शकतो. अशा वेळी कोणत्याही वयाच्या रुग्णाला विनाविलंब रुग्णालयात न्यावे.