थकवा म्हणजे आळस नव्हे

कर्जत तालुक्यातील मिरजगाव हे दुष्काळी पट्ट्यातले गाव. अशा गावात शेतमजुरी, पाणी, स्वयंपाक सारे उरकून घरातली बाई सर्वांत शेवटी जेवते, तेही उरेल तेवढेच. मग चालताना धाप लागते, उठताना चक्कर येते. घरचे म्हणतात, "कामाचा कंटाळा!" हा कंटाळा नसतो; बरेचदा रक्त कमी असते.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आढळला. हिमोग्लोबिन १२ ग्रॅमपेक्षा (गरोदरपणी ११) कमी असेल तर रक्तक्षय समजतात. सरकारी दवाखान्यात तपासून घ्या. पाळीत फार रक्त जात असेल, पोटात जंत असतील, तर तेही डॉक्टरांना सांगा.

लोहाच्या गोळ्यांनी शौचास काळे होते. घाबरून गोळ्या सोडू नका. जेवणाबरोबर चहा नको, तासभर थांबा. मेथी, शेवग्याचा पाला, मटकी यांवर लिंबू पिळा. जमेल तेव्हा अंडी, मटण, कलेजी खा.

थकव्याची कारणे आणखीही आहेत. दोन आठवडे खोकला, संध्याकाळी ताप, वजनात घट असेल तर क्षयाची तपासणी करा. फार तहान, वारंवार लघवी असेल तर साखर तपासा. थंडी सोसत नसेल, वजन वाढत असेल तर थायरॉईड पाहा. अपुरी झोप आणि मनावरची काळजीही माणसाला थकवते.

भगिनींनो, दुखणे अंगावर काढू नका. आणि बंधूंनो, आजपासून घरात सर्वांनी एकाच वेळी जेवायला बसा. भाजी आधी सारखी वाटा.