जुन्नरचे यवन : ऐकीव आणि कोरीव

बिबवेवाडीसारख्या पुण्याच्या उपनगरातून अष्टविनायकाला निघालेली बस लेण्याद्रीच्या पायथ्याशी थांबते आणि पायऱ्या चढता चढता लेण्यांच्या ऐकीव कथा सुरू होतात. शिवनेरी, मानमोडी, तुळजा अशा डोंगरांनी वेढलेले जुन्नर सातवाहनकाळी भरभराटीचे व्यापारी नगर होते. इथल्या शिलालेखांत यवनांची नावे आहेत, म्हणून कथांना आणखी ऊत येतो.

लेणी पांडवांनी एका रात्रीत खोदली.

अखंड कातळात कोरलेली दालने पाहून हे माणसाचे काम नव्हे, असे वाटणे स्वाभाविक आहे. बौद्ध संघ इथून गेल्यावर खरा इतिहास सांगणारे कोणी उरले नाही, आणि ती जागा पांडवांनी घेतली. पण काही लेणी अर्धवट सोडलेली आहेत, भिंतींवर छिन्नीचे घाव आहेत आणि कोणी काय दिले याच्या ब्राह्मी नोंदीही आहेत. मानमोडीत क्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याच्या दानाची नोंद ‘वर्ष 46’ अशा कालनिर्देशासह आहे.

लेखांतले यवन म्हणजे मुसलमान.

बखरींत हा शब्द त्या अर्थाने येतो, आणि समोर तर शिवनेरीच उभा, गोंधळ होणारच. मात्र हे लेख इसवी सनाच्या सुरुवातीच्या शतकांतले आहेत आणि इस्लामचा उदय सातव्या शतकातला. हिशेब इथेच संपतो.

मग ते अलेक्झांडरचे सैनिक असणार.

यवन म्हणजे मुळात ग्रीक, आणि ग्रीक म्हटले की शाळेतला अलेक्झांडर आठवतो. तो इ.स.पू. 326 मध्ये पंजाबात बियासच्या काठावरून मागे फिरला. दख्खन त्याने पाहिलेच नाही.

जुन्नर ही ग्रीकांची वसाहत होती.

हा समज सुशिक्षितांत अधिक आढळतो, आणि त्याला आधार अगदीच नाही असे नाही. नाणेघाटातून उतरणारी वाट कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांकडे जात होती आणि त्या बंदरांतून भूमध्य समुद्राकडचा व्यापार चाले. पण यवनांनी मागे ठेवले काय? चिटाने संघाला भोजनमंडप दिला, इरिलाने पाण्याच्या दोन पोढी (टाकी), चंदाने गर्भद्वार. भाषा प्राकृत, लिपी ब्राह्मी, दान बौद्ध संघाला. कार्ल्याच्या चैत्यात खांब देणाऱ्या धेनुकाकटच्या यवनांचीही तीच तऱ्हा. त्यांतल्या एकाचे नाव चक्क ‘धम्म’. नाशिकच्या लेण्यांत सातवाहन राजा गौतमीपुत्राला शक-यवन-पल्हवांचा संहारक म्हटले आहे, आणि त्याच डोंगरात इंद्राग्निदत्त या उत्तरेकडच्या योनकाने, म्हणजे यवनाने, लेणे खोदवले आहे. राजाची बिरुदे वेगळी, बाजारपेठेतला व्यवहार वेगळा. चंदा रक्ताने ग्रीक होता की नाही, हे नुसत्या नावावरून ठरत नाही. वसाहत मात्र यातून मुळीच सिद्ध होत नाही. दिसतात ते इथल्या रीतीत मुरलेले दाते.

शिवनेरीला जाणाऱ्यांनी किल्ल्याबरोबर डोंगराच्या पोटातली लेणीही पाहावीत. अक्षरे उठून दिसावीत म्हणून त्यांवर खडू किंवा पाणी मात्र फिरवू नये.