तपासणीच्या खोलीतली श्रद्धा

डॉक्टरची व्यक्तिगत श्रद्धा रुग्णासमोर श्रद्धा म्हणून क्वचितच येते. ती येते सल्ल्याच्या रूपाने, ‘थोडे थांबून पाहू’ या शब्दांत, एखादा उपचार सुचवलाच न जाण्यात किंवा घरच्यांना घेऊन येण्याच्या आग्रहात, आणि म्हणूनच त्यातले वैद्यकशास्त्र किती आणि डॉक्टरवरील संस्कार किती, हे रुग्णाला वेगळे काढता येत नाही. गर्भपाताच्या बाबतीत ही सरमिसळ सर्वांत अधिक घातक ठरते, कारण तिथे गेलेला प्रत्येक दिवस मोजावा लागतो.

याची सर्वांत दुःखद नोंद बेळगावशी जोडलेली आहे. आईवडील बेळगावात राहणाऱ्या, व्यवसायाने दंतवैद्य असलेल्या 31 वर्षांच्या सविता हलप्पनवार 21 ऑक्टोबर 2012 रोजी आयर्लंडमधील गॉलवेच्या विद्यापीठ रुग्णालयात दाखल झाल्या, तेव्हा त्यांना सतरावा आठवडा होता आणि गर्भ टिकणार नाही हे स्पष्ट झाले होते. त्याच रात्री पाणमोट फुटली. पाणमोट फुटल्यावर गर्भाशयात जंतूंना वाट मोकळी होते, त्यामुळे वाट पाहण्याचा धोका तासागणिक वाढत जातो. तरीही गर्भाच्या हृदयाचे ठोके चालू आहेत, या कारणाने त्यांनी मागितलेला गर्भपात नाकारला गेला. 28 ऑक्टोबरला सेप्सिसने, म्हणजे जंतुदोषाला शरीराने दिलेल्या अनावर प्रतिसादातून एकेक अवयव निकामी होत जाऊन, त्यांचा मृत्यू झाला. दाखल होताना घेतलेल्या रक्ताच्या तपासणीत वाढलेल्या पांढऱ्या पेशींकडे वेळेवर कोणी पाहिले नव्हते, हेही पुढे चौकशीत निघाले. आयर्लंड हा कॅथलिक देश आहे असे आपण सविता यांना सांगितले होते, हे एका प्रसूतिपरिचारिकेने मृत्यूच्या न्यायालयीन चौकशीत मान्य केले, तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी आपल्या निर्णयामागे कायदा होता, असे सांगितले.

हे दुसरे उत्तर खोटे नव्हते. आयर्लंडच्या राज्यघटनेत 1983 मध्ये झालेल्या आठव्या दुरुस्तीने आईच्या आणि गर्भाच्या जगण्याचा हक्क समान ठरवला होता आणि आईच्या जिवाला खरा, मोठा धोका असेल तरच गर्भपाताला जागा होती. म्हणजे तिथे श्रद्धा आधीच कायद्यात जाऊन बसली होती आणि डॉक्टर स्वतः काही मानो वा न मानो, ती खाटेपर्यंत पोहोचत होती.

भारतात चित्र नेमके उलटे आहे. इथे 1971 पासून वैद्यकीय गर्भपाताचा कायदा आहे, 2021 च्या दुरुस्तीनंतर वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे आणि ठरावीक परिस्थितीतील स्त्रियांसाठी चोविसाव्या आठवड्यापर्यंत दोन डॉक्टरांचे मत पुरते, आणि सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती एवढीच संमती कायदा मागतो. कायदा मोकळा आहे. श्रद्धा तपासणीच्या खोलीत आहे. राजहंसगडाच्या पायथ्याच्या येळ्ळूरहून सकाळच्या बसने बेळगावला आलेल्या बाईला ‘मालकांना घेऊन या’ असे कोणी म्हटले, तर तो नियम नाही, म्हणणाऱ्याचा संस्कार आहे. पण पांढऱ्या कोटातून आलेले वाक्य तिला नियमच वाटते. तिच्यापुढे सहीसाठी येणाऱ्या ‘सी’ नमुन्यात तिचे नाव, वय, पत्ता आणि सही यांना जागा असते, पतीच्या सहीला नसते. मात्र हे तिला मराठीत वाचून दाखवणारे कोणी असेलच असे नाही, आणि सीमाभागात हा प्रश्न भाषेचाही होऊन बसतो. कुटुंबाची संमती, जादा कागदपत्रे अशा कायद्याबाहेरच्या अटी डॉक्टर घालतात, याची दखल सर्वोच्च न्यायालयाने 29 सप्टेंबर 2022 च्या निकालात घेतली, आणि त्याच निकालाने अविवाहित स्त्रीलाही विवाहितेइतकाच हक्क दिला.

भारतीय वैद्यक परिषदेच्या 2002 च्या नियमावलीत तर, वैद्यकीय कारण असताना केवळ धार्मिक कारणावरून गर्भपात किंवा संततिनियमनाला मदत नाकारू नये, असे स्पष्ट लिहिले आहे. अपवाद आहे तो डॉक्टरला स्वतःचे कौशल्य अपुरे वाटण्याचा. पळवाट याच अपवादात आहे, कारण मनाविरुद्धचे काम ‘आमच्याकडे होत नाही’ म्हणून टाळणे सोपे असते आणि त्यामागचे कारण कोणी विचारत नाही.

तरी डॉक्टरला मूल्येच नसावीत, असा याचा अर्थ मुळीच नाही. मुंबईचे स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. निखिल दातार 2008 मध्ये आपल्या रुग्णाच्या बाजूने मुंबई उच्च न्यायालयात गेले, गर्भात हृदयाचा गंभीर दोष उशिरा सापडल्यामुळे वीस आठवड्यांची तेव्हाची मर्यादा ओलांडली गेली होती. न्यायालयाने परवानगी नाकारली, पण त्या प्रकरणातून सुरू झालेली चर्चा थांबली नाही. तेही मूल्यच होते. फरक इतकाच की ते उघड होते आणि त्याची किंमत रुग्णाने नव्हे, डॉक्टरने मोजायची ठेवली होती.

आयर्लंडने 25 मे 2018 च्या सार्वमतात 66.4 टक्के मतांनी आठवी दुरुस्ती रद्द केली, आणि त्याच वर्षीच्या नव्या कायद्यात सदसद्विवेकाच्या आधारे नकार देण्याची मुभा डॉक्टरला ठेवली. पण नकार देणाऱ्याने त्या स्त्रीचे उपचार लवकरात लवकर दुसऱ्या डॉक्टरकडे सोपवण्याची व्यवस्था केली पाहिजे, आणि जिवावरचा तातडीचा प्रसंग असेल तर ही मुभा लागू नाही, असे बंधनही घातले. येळ्ळूरच्या बाईला ‘मी हे करत नाही, अमुक डॉक्टर करतात, आजच जा’ एवढे सांगितले गेले, तर तिचा आठवडा वाचतो. आणि नवव्या आठवड्यापर्यंत गोळ्यांनी होणारे काम पुढे शस्त्रक्रियेवर आणि वीस आठवड्यांनंतर दुसऱ्या डॉक्टरच्या मतावर जात असल्याने, तिच्यासाठी तो एक आठवडा फार मोठा असतो.