छोट्या दुकानाच्या वेबसाइटवर सर्च बॉक्स हवाच का?

समजा, एका घरगुती व्यवसायाची दिवाळी फराळाची वेबसाइट आहे. चकली, चिवडा, अनारसे धरून पंधरा-वीस पदार्थ. वर कोपऱ्यात भिंगाचं चिन्ह, थीमसोबत आलं म्हणून तसंच राहिलेलं. ग्राहक रोमन लिपीत चकली टाइप करतो आणि उत्तर येतं, ‘काहीही सापडलं नाही’. चकली आहे, पण पानावर तिचं नाव देवनागरीत लिहिलंय. ग्राहक मात्र ती मिळत नाही असं समजून दुसरीकडे ऑर्डर देतो.

वर्डप्रेसचं साधं सर्च मुळात अक्षरं जुळवून पाहतं. ‘तुम्हाला हे म्हणायचंय का?’ असं गूगलसारखं ते विचारत नाही. मराठीत तर अडचण आणखी वाढते. पानावर फक्त ‘पैठणी साड्या’ लिहिलं असेल आणि कुणी ‘साडी’ शोधलं, तर अक्षरं जुळत नाहीत. ‘नऊवारी’ आणि ‘नववारी’ हेही त्याच्या लेखी दोन वेगळे शब्द.

त्यामुळे एवढ्याशा साइटवर सर्च नसलेलंच बरं. सगळे पदार्थ दरासकट एकाच पानावर ठेवले की काम भागतं. सलून, क्लास, केटरर यांनाही तेच लागू.

पुस्तकं किंवा गाड्यांचे सुटे भाग विकणाऱ्यांचं वेगळं. वस्तू शेकडो असतात आणि ग्राहक नेमकं नाव घेऊनच येतो. तिथे सर्च लागतंच. मग प्रत्येक वस्तूच्या वर्णनात एकवचन, अनेकवचन आणि रोमन स्पेलिंग बसवावं लागतं. काम कंटाळवाणं आहे, पण टाळता येत नाही.

गूगलचं प्रोग्रॅमेबल सर्च इंजिन फुकट जोडता येतं. मात्र फुकट प्रकारात निकालांसोबत जाहिराती येतात, त्यात प्रतिस्पर्ध्याचीही असू शकते. शिवाय गूगलने अजून न नोंदवलेलं नवं पान त्यात सापडत नाही.

बॉक्स आधीच असेल, तर काढण्यापूर्वी लोक काय शोधतात ते पाहावं. गूगल अ‍ॅनालिटिक्स जोडलेलं असेल, तर हे शब्द त्यात नोंदवता येतात. ‘पत्ता’, ‘दर’, ‘डिलिव्हरी’ हेच शब्द वारंवार दिसले, तर दुरुस्ती मेनूची करायची. दुकानात नसलेल्या वस्तूचं नाव पुन्हा पुन्हा आलं, तर ती मागवायचा विचार करायला हरकत नाही.