दिवेलागणीला पोर ठेचाळते?

सेमाडोहच्या रानात बॅटरीच्या उजेडाने वाघाचे डोळे चमकतात. त्याच्या डोळ्याच्या पडद्यामागे आरशासारखा थर असतो. आपल्याला तो नाही. आपल्या डोळ्यात बाहुलीतून उजेड शिरतो, भिंग तो मागच्या पडद्यावर एकवटते, तिथली खबर शीर मेंदूला पोचवते. अंधुक उजेडात पाहणाऱ्या पेशींना जांभळट रंगद्रव्य लागते आणि ते अ जीवनसत्त्वावाचून बनत नाही. म्हणून तिन्हीसांजेला पोर ठेचाळू लागले, तर अंगारा लावत बसू नका, दवाखाना गाठा. उशिराने बुबुळ पांढरे पडून दृष्टी कायमची जाते. शेवग्याचा पाला, लाल भोपळा, पपई तर परसातलीच! भाजीत थोडे तेल हवे, नाहीतर जीवनसत्त्व अंगी लागत नाही. शिवाय 9 महिन्यांपासून 5 वर्षांपर्यंत दर 6 महिन्यांनी त्याचा डोस मिळतो. अंगणवाडीत तारीख विचारून ठेवा.