गत पाठ कशी होते?

पं. विष्णु दिगंबरांनीं १९०८ सालीं मुंबईंत गांधर्व महाविद्यालय सुरू केलें आणि गिरगांवाकडील विद्यार्थ्यांच्या हातीं स्वरलिपि आली. तिच्यामुळें सतारीची गत विसरली तरी हरवत नाहीं; पण वहींतली गत म्हणजे पाठ झालेली गत नव्हे. मसीतखानी गतच घ्या. त्रितालाच्या १६ मात्रांपैकीं १२ व्या मात्रेवर ती उठते: दिर दा दिर दा रा, आणि पुढच्या 'दा'वर सम. नवशिका बोटांचा क्रम घोकतो, मात्रा घोकत नाहीं. मग बैठकींत एक तोडा चुकला कीं त्याला मध्येंच शिरतां येत नाहीं; तबलजी तर थांबत नसतो! यास्तव सतार खालीं ठेवून, हातानें ताल देत, बोल तोंडानें म्हणावे. तेहि कधीं समेपासून, तर कधीं खालीपासून. शेजाऱ्यांना ती बडबड वाटेल, वाटूं द्यावी.