एल्कच्या शिकारीसाठी गोळी किती वजनाची असावी?

शरद ऋतू आला, की कोलोरॅडोच्या पर्वतराजीत एल्क या महाकाय हरणाच्या शिकारीचा हंगाम सुरू होतो. भारतात वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार हौसेची शिकार हा गुन्हा आहे. त्यामुळे तेथून आलेल्या अनेकांना ही प्रथा प्रथम खटकते. येथे मात्र राज्याचे वन्यजीव खाते कळपांची संख्या पाहून शिकारीचे नियमन करते आणि खाण्याजोगे मांस वाया घालवणे हा गुन्हा मानला जातो. सहकाऱ्यांसोबत प्रथमच रानात जाणाऱ्या नवशिक्यापुढे दुकानातच पहिला प्रश्न उभा राहतो: १५०, १६५ की १८०?

काडतुसांच्या डब्यावरील हा आकडा ‘ग्रेन’ या एककातील असतो. एक ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम. ७,००० ग्रेनचा एक पौंड होतो. हे वजन संपूर्ण काडतुसाचे किंवा दारूचे नसून केवळ नळीतून सुटणाऱ्या गोळीचे असते. १८० ग्रेनची गोळी जेमतेम पावणेबारा ग्रॅमची भरते. पूर्ण वाढलेला नर एल्क मात्र तीनशे किलोच्या पुढे जातो. त्याचे कातडे जाड आणि खांद्याचे हाड भक्कम असते. गोळी हृदय व फुप्फुसांपर्यंत पोहोचली नाही, तर जखमी जनावर कित्येक मैल चालत जाते आणि यातना भोगत मरते. गोळीच्या निवडीला महत्त्व आहे ते यासाठीच.

कायदा काय सांगतो?

कोलोरॅडोत एल्कसाठी रायफलचा व्यास किमान .२४ इंच असावा लागतो. गोळी आघातानंतर फुलणारी व किमान ८५ ग्रेनची हवी आणि १०० यार्डांवर तिची ऊर्जा किमान १,००० फूट-पौंड असावी लागते. ही केवळ खालची मर्यादा आहे. अनुभवी शिकारी सहसा तिच्या बरेच वर राहतात.

ऊर्जा सारखी, परिणाम वेगळा

१९०६ पासून प्रचलित असलेल्या .३०-०६ स्प्रिंगफील्ड या काडतुसाचे उदाहरण घेऊ. यातील १५० ग्रेनची गोळी सेकंदाला साधारण २,९०० फुटांच्या, तर १८० ग्रेनची २,७०० फुटांच्या वेगाने सुटते. दोन्हींची ऊर्जा २,८०० ते २,९०० फूट-पौंडांच्या आसपास, म्हणजे जवळजवळ सारखीच असते. मात्र जड गोळीचा संवेग सुमारे दहा टक्क्यांनी अधिक असतो आणि त्याच व्यासामागे अधिक वस्तुमान असल्याने ती खोलवर शिरते. हलकी गोळी अधिक सरळ जाते. उघड्या माळावरील लहान हरणासाठी ती पुरेशी ठरते.

ही तुलना एकाच व्यासाच्या गोळ्यांपुरतीच खरी आहे. ६.५ क्रीडमूरची १४० ग्रेनची गोळी वजनाने कमी असली, तरी बारीक व लांब असते. व्यासाच्या मानाने पाहिले, तर तिचे वस्तुमान .३० व्यासाच्या १८० ग्रेनच्या गोळीहूनही किंचित अधिक भरते. म्हणून वेगवेगळ्या रायफलींच्या गोळ्यांचे आकडे शेजारी मांडून निष्कर्ष काढणे फसवे ठरते.

बांधणीचा प्रश्न

आघातानंतर गोळीचे किती वजन शिल्लक राहते, हेही तितकेच निर्णायक असते. १९४६ मध्ये ब्रिटिश कोलंबियात जॉन नॉस्लर यांच्या गोळ्या चिखलाने माखलेल्या मूसच्या अंगात पुरेशा खोल शिरल्या नाहीत. त्या अनुभवातून त्यांनी मध्ये धातूचा पडदा असलेली ‘पार्टिशन’ गोळी घडवली. पुढचा भाग फुलला, तरी तिचा मागचा भाग अखंड राहतो. साधी, शिशाच्या गाभ्याची गोळी हाडावर आदळून फुटू शकते. शिसे व आवरण एकजीव केलेली गोळी अधिक टिकते, तर संपूर्ण तांब्याची गोळी आपले बहुतेक वजन राखते.

तांब्याची गोळी निवडल्यास वजन एक पायरी कमी केले तरी चालते. १८० ऐवजी १६५ किंवा १५० ग्रेन पुरते. तांबे शिशाहून हलके असल्याने त्याच वजनाची गोळी लांब होते आणि तिला स्थिर ठेवण्यासाठी नळीतील खाचांना अधिक पीळ लागतो. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाच्या गोळ्यांना पूर्ण बंदी आहे. शिशाचे सूक्ष्म कण मांसात राहतात आणि उरलेले अवशेष खाणाऱ्या गिधाडांना विषबाधा होते.

खांदा आणि व्हिसा

जड गोळीचा धक्काही जड असतो. धक्क्याच्या धास्तीने चाप ओढताना अंग आखडले, की नेम चुकतो. त्यामुळे नेमकी लागलेली १६५ ग्रेनची गोळी भरकटलेल्या २०० ग्रेनच्या गोळीपेक्षा केव्हाही श्रेयस्कर.

एच-१बीसारख्या बिगर-स्थलांतरित व्हिसावर असलेल्यांना संघराज्यीय कायद्यानुसार बंदूक व काडतुसे बाळगण्यास सर्वसाधारणपणे मनाई आहे. राज्याने दिलेला वैध शिकार परवाना हा त्यातील एक अपवाद आहे. म्हणून परवाना हाती येण्यापूर्वी काडतुसांचा डबाही विकत घेऊ नये.

.३०-०६ वापरणाऱ्या नवशिक्यासाठी मजबूत बांधणीची १८० ग्रेनची किंवा तांब्याची १६५ ग्रेनची गोळी हा सुरक्षित प्रारंभ ठरतो. अंतिम निर्णय मात्र दुकानात न घेता नेमबाजीच्या मैदानावर घ्यावा. आपल्या रायफलीतून जी गोळी वारंवार एकाच जागी लागते, तीच रानात न्यावी.